प्रीप्रिंट फुकट, मग बिल कशाचं? सशुल्क सेवांवर किती विश्वास ठेवायचा

प्रीप्रिंट म्हणजे काय, हे इथे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहेच. नवीन वाचकांसाठी एका वाक्यात सांगते: जर्नलमध्ये तज्ज्ञांनी तपासण्याआधी संशोधकाने स्वतःहून सगळ्यांसाठी खुला केलेला शोधनिबंध, म्हणजे प्रीप्रिंट. आर्काइव्हवर भौतिकशास्त्र आणि गणितवाले १९९१ पासून हेच करतायत. जीवशास्त्रवाल्यांसाठी २०१३ मध्ये बायोआर्काइव्ह आलं आणि वैद्यकीय संशोधनासाठी २०१९ मध्ये मेडआर्काइव्ह. या तिन्ही ठिकाणी निबंध टाकायला एक रुपयाही लागत नाही, वाचायलाही नाही.

तरीही प्रीप्रिंट टाकायच्या वाटेवर हल्ली ‘पैसे भरा’ म्हणणारी बरीच बटणं दिसतात. इंग्रजी सुधारून देतो, आकृत्या नीट करून देतो, तुमच्या निबंधाला योग्य जर्नल सुचवतो, व्हिडिओ सारांश करतो, पद्धती तपासून बॅज देतो, लवकर पीअर रिव्ह्यू करून देतो. पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली बरीच मंडळी विचारतात, ‘ताई, हे खरं असतं का? पैसे भरले तर फायदा होतो का?’

‘सगळं बोगस आहे’ हे उत्तर सोपं आहे, पण चुकीचं आहे. ‘मोठ्या कंपनीचं आहे, म्हणजे चांगलंच असणार’ हे उत्तरही तेवढंच सोपं आणि तेवढंच चुकीचं. त्यामुळे जरा सावकाश बघू.

पैसे घेणं म्हणजेच खोटेपणा नव्हे

आधी एक गैरसमज दूर करते. प्रीप्रिंट आपल्याला फुकट पडतो, चालवणाऱ्याला नाही. सर्व्हर लागतात, आलेला प्रत्येक निबंध चाळायला माणसं लागतात, डीओआय नोंदवायला पैसे लागतात. आर्काइव्हचा खर्च कॉर्नेल विद्यापीठ, सायमन्स फाउंडेशन आणि सदस्य संस्था मिळून उचलतात. बायोआर्काइव्ह कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीच्या आधाराने आणि देणग्यांवर वाढलं.

असा आधार नसला की काय होतं, ते २०२० मध्ये दिसलं. अनेक छोटे प्रीप्रिंट सर्व्हर सेंटर फॉर ओपन सायन्स या ना-नफा संस्थेच्या यंत्रणेवर चालायचे. त्या संस्थेने खर्चाचा वाटा मागायला सुरुवात केली. इंडोनेशियाच्या इना-आर्काइव्हवर इतके निबंध येत होते की त्यांचा वाटा वर्षाला सुमारे २५ हजार डॉलर निघाला. स्वयंसेवकांनी चालवलेल्या उपक्रमाने एवढे पैसे कुठून आणायचे? आपल्या इंडियाआर्काइव्हपुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

म्हणजे कुणीतरी पैसे भरतंच. विद्यापीठ भरतं, देणगीदार भरतो, नाहीतर एखादी कंपनी भरते आणि ते दुसऱ्या वाटेने वसूल करते. रिसर्च स्क्वेअर हे या तिसऱ्या प्रकारचं सगळ्यात ठळक उदाहरण. ही कंपनी मुळात २००४ मध्ये अमेरिकन जर्नल एक्सपर्ट्स या नावाने सुरू झाली आणि तिचा धंदा होता शोधनिबंधांचं इंग्रजी सुधारून देणं. प्रीप्रिंटचा मंच तिने २०१८ मध्ये काढला. २०२२ च्या शेवटी ती पूर्णपणे स्प्रिंगर नेचरच्या मालकीची झाली. निबंध टाकणं तिथेही फुकटच आहे. आजूबाजूला सेवांचं दुकान आहे, इतकंच.

दुकान असण्यात गैर काही नाही. पण एकाच घराण्याचं जर्नल, त्याच घराण्याचा प्रीप्रिंट मंच आणि त्याच घराण्याचं भाषासंपादन, अशी मांडणी झाली की ग्राहकाने डोळे उघडे ठेवायला हवेत. प्रकाशक स्वतःच स्पष्ट सांगतात की आमची संपादन सेवा घेतली म्हणून निबंध स्वीकारला जाईल असं नाही. ते खरंही आहे. पण जर्नलकडून ‘इंग्रजी सुधारा’ असा शेरा आलेला असतो, समोर त्याच घराण्याची जाहिरात असते आणि विद्यार्थी घाबरलेला असतो. अशा वेळी ती ओळ कोण वाचतं?

सोन्याच्या हॉलमार्कचं गणित

मग विश्वास कशावर ठेवायचा? मला यासाठी सराफाच्या दुकानातलं उदाहरण बरं वाटतं. दागिन्यावर हॉलमार्क असतो. तो करून घ्यायचे पैसे सराफ भरतो. म्हणजे तपासणीची फी विकणाराच देतो! तरी आपण त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. का?

पहिलं कारण, तपासणीचे नियम सराफ ठरवत नाही, भारतीय मानक ब्युरो ठरवतं आणि ते सगळ्यांना माहीत असतात. दुसरं, तपासणी केंद्र ‘नापास’ म्हणू शकतं. शुद्धता कमी निघाली तर शिक्का मिळत नाही आणि शिक्क्याशिवाय माल विकता येत नाही. तिसरं, दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक मी, म्हणजे गिऱ्हाईक, मोबाईलवर टाकून स्वतः पडताळू शकते. चौथी गोष्टही विसरायची नाही: हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो. दागिना सुबक आहे का, मजुरी वाजवी लावली का, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

प्रीप्रिंटवरची कुठलीही सशुल्क सेवा या चार प्रश्नांवर घासून बघा. नियम कुणाचे आणि ते उघड आहेत का? नापास करता येतं का, आणि नापास झाल्याचं वाचकाला कळतं का? तिसऱ्या माणसाला पडताळता येतं का? आणि शिक्का नेमकं काय सांगतो?

भाषासंपादन: उपयोगी, पण चकाकी म्हणजे शुद्धता नव्हे

सुरुवात सगळ्यात निरुपद्रवी सेवेपासून करू. मराठी माध्यमातून शिकून विज्ञानाकडे आलेल्यांना इंग्रजीचा ओझं म्हणून किती त्रास होतो, हे मला वेगळं सांगायला नको. चांगला संपादक वाक्यं सरळ करतो, संदिग्धता काढतो, आणि परीक्षकाची चिडचिड कमी होते. यात फसवणूक नाही. काम केलं, मजुरी घेतली.

गडबड होते ती सोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्रामुळे. ‘या निबंधाची भाषा तपासलेली आहे’ एवढाच त्याचा अर्थ. पण निबंधासोबत ते जोडलं की वाचणाऱ्याच्या मनात ‘तपासलेली आहे’ एवढंच राहतं आणि ‘भाषा’ हा शब्द गळून पडतो. शिवाय गुळगुळीत इंग्रजीत लिहिलेला कच्चा प्रयोग हा अडखळत्या इंग्रजीतल्या पक्क्या प्रयोगापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो. हा दोष आपल्या वाचण्यातला आहे, पण या धंद्याचा पायाही तोच आहे.

बॅज: ‘लिहिलंय’ आणि ‘बरोबर आहे’ यातला फरक

आता जरा अवघड प्रकार. पद्धती नीट नोंदवल्या आहेत का, आकडेवारी नीट मांडली आहे का, विदा उपलब्ध आहे का, असं तपासून निबंधावर लावायचा बॅज.

कल्पना चांगली आहे. वैद्यकीय चाचण्यांसाठी कॉन्सॉर्टसारख्या याद्या याच कारणाने आल्या, की निबंधात सगळी माहिती असायलाच हवी. पण नोंद तपासणं आणि सत्य तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. ‘नमुन्याची संख्या लिहिली आहे’ हे यंत्रसुद्धा तपासू शकतं. ‘ती संख्या या निष्कर्षाला पुरेशी आहे’ हे सांगायला त्या विषयातला माणूस लागतो. आणि ‘ती माणसं खरोखर तपासली होती’ हे सांगायला मूळ विदा उघडून बसावं लागतं.

या तिसऱ्या पायरीचं एक उदाहरण आठवून बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधल्या बेन्हा विद्यापीठातल्या संशोधकांचा आयव्हरमेक्टिन आणि कोविडवरचा प्रीप्रिंट रिसर्च स्क्वेअरवर आला. औषधाने मृत्यू खूपच कमी होतात, असा त्याचा दावा होता. जगभर तो लाखाहून जास्त वेळा वाचला गेला, इतर अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात घेतला गेला. लंडनमध्ये शिकणाऱ्या जॅक लॉरेन्स या पदव्युत्तर विद्यार्थ्याला तो वाचताना प्रस्तावनेतला मजकूर दुसरीकडून उचललेला दिसला. मग त्याने मूळ विदा गाठली. ती फाइल पैसे भरून मिळणाऱ्या एका संकेतस्थळावर होती आणि तिला पासवर्ड होता. त्याने ओळखला: १२३४. आत बघतो तर निबंधातले आकडे आणि फाइलमधले आकडे जुळत नव्हते. काही रुग्ण तर अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारलेले होते. जुलै २०२१ मध्ये रिसर्च स्क्वेअरने तो प्रीप्रिंट मागे घेतला.

कागदावर या निबंधात रुग्णसंख्या होती, गट होते, तक्ते होते. नोंदीची यादी घेऊन बसलेला तपासनीस बऱ्याच चौकटींत टिकमार्क करून मोकळा झाला असता. चूक सापडली ती एका विद्यार्थ्याने फुकट, स्वतःच्या चिकाटीने विदा उघडली म्हणून.

याउलट प्रकार बायोआर्काइव्हवर झाला. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट आला. नव्या विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे सापडल्याचं त्यात म्हटलं होतं. जगभरातल्या अभ्यासकांनी खालच्या प्रतिक्रियांमध्ये आणि ट्विटरवर त्याची चिरफाड केली: एवढे छोटे तुकडे कितीतरी जीवांमध्ये योगायोगाने सापडतात. २ फेब्रुवारीला लेखकांनीच तो मागे घेतला. हे दोन दिवसांत झालं आणि कुणीही कुणालाही बिल दिलं नाही.

अर्थात प्रत्येक निबंधाच्या नशिबी असे वाचक नसतात. बहुतेक प्रीप्रिंट कुणी नीट वाचतही नाही. म्हणूनच बॅजचं आकर्षण वाटतं, हे मान्य. पण इथे दुसरा प्रश्न लावा, नापास झाल्याचा. समजा शंभर जणांनी पैसे भरून तपासणी करून घेतली, चाळीस पास झाले. पास झालेल्यांनी बॅज लावला. बाकीच्या साठ जणांचं काय? ते गप्प बसले, तर वाचकाला ते न तपासलेल्या निबंधांसारखेच दिसणार. म्हणजे बॅज असला तर ‘चांगलं’, नसला तर ‘माहीत नाही’. ‘वाईट’ असं कधीच दिसत नाही. ज्या परीक्षेचा निकाल फक्त पास होणारेच जाहीर करतात, तिच्यावरून वर्गाची गुणवत्ता ठरवता येत नाही. त्यातही बॅज नसल्याचं कारण बहुतेक वेळा ‘पैसे नव्हते’ हेच असणार. मग तो शिक्का गुणवत्तेचा की ऐपतीचा?

विकत घेतलेला वेग

ऐपतीचा मुद्दा निघालाच आहे, तर पीअर रिव्ह्यूकडे वळू. २०१५ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलने एक प्रयोग केला: ७५० डॉलर भरा आणि तीन आठवड्यांत परीक्षण मिळवा. काम बाहेरच्या रुब्रिक नावाच्या सेवेकडे होतं, आणि ती याच रिसर्च स्क्वेअर कंपनीची. परीक्षकांनाही मानधन मिळायचं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे मार्क मॅस्लिन त्या जर्नलचे संपादक होते. त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. आक्षेप साधा होता: ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं विज्ञान आधी तपासलं जाणार, आणि बाकीचे रांगेत उभे.

बाजू दुसरीही आहे. परीक्षकाने फुकटच राबावं, हा काही धर्म नाही. कामाचे पैसे मिळाले तर काम वाईटच होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. तेव्हा माझी तक्रार मानधनावर नाही, रांग मोडण्यावर आहे. आणि आपल्या बाजूने हिशोब करून बघा. जेआरएफ महिन्याला ३७ हजार रुपये, तेही वेळेवर आलं तर. सारथी, बार्टी, महाज्योतीच्या विद्यार्थ्यांना तर फेलोशिपसाठी आंदोलनं करावी लागली आहेत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ७५० डॉलर म्हणजे जवळपास ६४ हजार. दोन महिन्यांचं घरभाडं, मेस आणि गावी पाठवायचे पैसे, सगळं त्यात गेलं.

पैसे घेऊनही हॉलमार्कच्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरणारा प्रयोग कोणता, असं विचाराल तर मी ईलाइफचं नाव घेईन. २०२३ पासून त्यांनी पद्धत बदलली. प्रीप्रिंट परीक्षणाला घेतला की फी, सुरुवातीला २ हजार डॉलर, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना माफी मागता येते. पण पैसे भरल्यावर जे मिळतं ते प्रमाणपत्र नाही. परीक्षकांचे शेरे आणि पुरावा कितपत भक्कम आहे याचं संपादकीय मत, सगळं निबंधासोबत जाहीर होतं. ‘पुरावा अपुरा आहे’ असं असलं तर तेही. म्हणजे इथे नापास झाल्याचं वाचकाला दिसतं. याचं बक्षीस काय मिळालं? २०२४ मध्ये वेब ऑफ सायन्सने या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि पुढे ईलाइफचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला. प्रामाणिक निकालापेक्षा स्वच्छ शिक्का लोकांना जास्त आवडतो, दुसरं काय!

आपल्याकडे धोका जास्त का

शिक्क्याची ही भूक आपल्याकडे आत्ताच वाढतेय, आणि त्याला कारण आहे. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलेला हवाच, ही अट यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत राहिली नाही. पण नोकरीच्या मुलाखतीत, पोस्टडॉकच्या अर्जात, अनेक विभागांच्या अलिखित नियमांत निबंध मागतातच. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीही बंद केली. त्या यादीत दोष होते, पण ‘हे जर्नल चालेल का’ याला एक उत्तर तरी होतं. आता प्रत्येक संस्थेने स्वतः ठरवायचं. समितीतल्या लोकांना निबंध वाचायला वेळ नसतो. मग डीओआय, बॅज, ‘अमुक जर्नलमध्ये परीक्षणाखाली’ अशा खुणा बघितल्या जातात.

या खुणांचा खरा अर्थ पाठच करून ठेवा. डीओआय म्हणजे कायमचा पत्ता. घराला पत्ता आहे म्हणून घर मजबूत आहे असं नसतं. ‘परीक्षणाखाली’ म्हणजे कुणीतरी पाठवलंय, जर्नलने स्वीकारलंय असं नव्हे. गूगल स्कॉलरवर दिसतं म्हणजे यंत्राला सापडलं.

याच गोंधळावर बाहेरचे भामटेही जगतात. प्रीप्रिंट खुला झाला की आपला ईमेल पत्ताही खुला होतो. आमच्या लॅबचा निबंध वर गेला त्याच आठवड्यात ‘आपले मौलिक संशोधन वाचून आम्ही प्रभावित झालो’ छापाची पत्रं सुरू झाली. एकाने तर प्रीप्रिंटचं ‘प्रमाणित परीक्षण’ सात दिवसांत देऊ केलं होतं. परीक्षक कोण, हे विचारल्यावर उत्तरात फक्त बँकेचा तपशील आला. पी हळद हो गोरी! अशा मेलची आणि मंचाच्या अधिकृत सेवेची गल्लत करू नका. पण दोघांनाही तेच चार प्रश्न विचारा. जो उत्तर टाळेल तो आपोआप कळतो.

मग करायचं काय?

भाषेसाठी पैसे द्यायचेच असतील तर द्या, पण स्वतःच्या खिशातून देण्याआधी गाईड सरांना किंवा मॅडमना प्रकल्पाच्या निधीतून होईल का, हे विचारा. विचारायला लाजू नका. त्याआधी लॅबमधल्या दोघांना आणि विषयाबाहेरच्या एकाला मसुदा वाचायला द्या. निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

परीक्षण हवं असेल तर फुकटचे चांगले मार्ग आहेत. एम्बो आणि एएसएपीबायो या संस्थांनी २०१९ मध्ये सुरू केलेलं रिव्ह्यू कॉमन्स हे प्रीप्रिंटचं परीक्षण करतं आणि ते परीक्षण घेऊन तुम्ही त्यांच्याशी जोडलेल्या जर्नलांकडे जाऊ शकता. फ्रान्समधल्या संशोधकांनी उभी केलेली पीअर कम्युनिटी इन ही व्यवस्था लेखकाकडून काहीच घेत नाही. प्रीरिव्ह्यूवर तुम्ही स्वतः दुसऱ्यांचे प्रीप्रिंट तपासायला शिकू शकता, आणि हे मी विशेष सुचवेन. इथे वेळ जास्त लागतो, हे खरं. पण शेरे कुणाचे आणि काय, ते उघड असतं.

बॅजसाठी मात्र पैसे घालू नका, असंच मी सांगेन. त्याऐवजी विदा आणि कोड झेनोडोसारख्या फुकट भांडारात ठेवा, पासवर्डशिवाय. ‘आमची विदा तपासलेली आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘ही घ्या विदा, तपासा’ म्हणणं हा जास्त मोठा दाखला आहे. तो विकत मिळत नाही, आणि तो बघायला वाचकाला कुणावर विश्वासही ठेवावा लागत नाही.